श्री नसलेलं कार्ड

ता. २८ मे १९३५, मंगळवार

उकाडा म्हणजे काय उकाडा. नळाला सकाळी अर्धा तास पाणी, तेही करंगळीएवढं. दादाचं पत्र आलं. क्वेट्ट्याला म्हणे पहाटे अजून पांघरूण लागतं. आम्हाला चिडवायलाच लिहितो मेला. रजा मंजूर झाली, जूनअखेर वहिनीला आणि बाळाला न्यायला येणार. बाळ त्यानं अजून पाहिलेलं नाही. 'नाक कुणावर गेलं ते खरं खरं कळवा' अशी चौकशी. नाक नानांचं आहे. कळवणार नाही, येऊन बघू दे.

नानांना चष्मा बदला म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं. "मला लागत नाही." पस्तीस वर्षं कचेरीत कारकुनी केली, कागद हातात आला की पहिल्या ओळीवर निकाल. वडील आहेत म्हणून गप्प बसते. फार गप्प बसत नाही म्हणा.

ता. १ जून, शनिवार

नाना वाचनालयातून लवकर आले. जोडे न काढता ओटीवर बसले. वहिनी बाळाला तेल लावत होती.

"क्वेट्ट्याला धरणीकंप झालाय."

वहिनी म्हणाली, "म्हंजे काय हो?" आम्ही कुणी कधी पाहिलाय इथं! नाना म्हणाले, जमीन हलते. किती हलते, तिनं विचारलं. नाना जोडे काढायला वाकले.

ता. २ जून, रविवार

जवाबी तार केली. तारमास्तर म्हणाला पोचेल याची खात्री नाही. वर्तमानपत्रांत एकाचं एक, दुसऱ्याचं दुसरं. एवढं मात्र सगळीकडे सारखं, की परवा पहाटे गाव झोपेत असताना पडलं आणि लष्करानं नाकेबंदी केली आहे, बाहेरच्याला आत सोडत नाहीत. दादा लष्करी हिशेबखात्यात. म्हणजे लष्कर त्याला आधी शोधेल असं मी वहिनीला सांगितलं. कशावरून सांगितलं देव जाणे.

ता. ५ जून, बुधवार

दादाचं पत्र! खादरभाई पोस्टमन कोपऱ्यावरूनच हात हलवत आले. वहिनी पदर सावरायचं विसरून रस्त्यावर धावली. मी साखर काढली, खादरभाईंच्या हातावर ठेवली, बाळाच्या जिभेला लावली. नाना देवाला नमस्कार करून बसले.

मग तारीख बघितली. ३० मे. म्हणजे आदल्या दिवशी टाकलेलं.

मजकूर साधाच. बिऱ्हाडात तो आणि मल्लिनाथ दोघंच. मल्लिनाथ अक्कलकोटचा, त्याच कचेरीत. 'मल्लू अंगणात खाट टाकून झोपतो. मला वाऱ्यानं झोप लागत नाही, मी आपला आत.'

हीच ओळ वहिनी परत परत वाचते. शेवटी पत्र मी काढून घेतलं. तर म्हणाली, "घेऊन काय करता वन्सं, पाठ झालीय."

ता. ८ जून, शनिवार

काही नाही. तारेला उत्तर नाही.

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, इथं लिहिते. मार्गशीर्षात दादा परत निघाला तेव्हा मी नेहमीसारखी स्वयंपाकघरात. कुणी प्रवासाला निघालं की मी आत. चौदाव्या वर्षापासूनची वहिवाट आहे, विधवेनं समोर येऊ नये. वहिनी माढ्याला माहेरी होती, म्हणून दही घालायला शेजारच्या काकूंना बोलावलेलं. दादा पाणी प्यायच्या निमित्तानं आत आला आणि तळहात पुढे केला. "घाल यमे." मी म्हटलं, वेडा आहेस का. "घाल म्हणतो ना!" घातलं.

फार बरं वाटलं होतं मला त्या दिवशी. आता शाळेत मुलींना शिकवणारी, अंधश्रद्धेवर निबंध लिहिणारी मी, आठ दिवस झाले त्या दह्याच्या चमच्याचाच विचार करते आहे. लाज वाटते. तरी करते आहे.

ता. १० जून, सोमवार

शाळा उघडली. तिसरीच्या मुलींना नकाशात क्वेट्टा दाखवलं. "बाई, सोलापूर हलंल का?" नाही म्हटलं. पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराच्या बायकोनं दोन नव्या चादरी आणून टेबलावर ठेवल्या, धरणीकंपवाल्यांसाठी. मराठी तिला जेमतेम. "बाई, तुमचा अण्णा तिकडं हाय म्हनं." मी हो म्हटलं. ती तिसरी चादर आणायला घरी गेली. शाळेत डोळ्यांत पाणी आलं ते आज पहिल्यांदा.

ता. १२ जून, बुधवार

दुपारी शाळेतून आले तर दारात पाण्याचा सडा. नाना ओल्या पंचानं, डोक्यावरून आंघोळ केलेली. वहिनी चुलीपाशी बसली होती, तिच्या केसांतून पाणी गळत होतं, बाळ मांडीवर रडत होतं आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती.

कार्ड आलं होतं. वर श्री नाही. कोपरा फाटलेला, मृत्यूच्या कार्डाचा फाडतात तसा. अनोळखी हात, पेन्सिलीनं लिहिलेलं. नानांनी पायरीखाली उभ्यानं पहिली ओळ वाचली: 'कळविण्यास अत्यंत दुःख होते'. आणि फाडलं. बारीक तुकडे करून रस्त्यावर टाकलं, घरात यायच्या आत घागर डोक्यावर ओतली. अशुभाचं कार्ड घरात घ्यायचं नाही, ठेवायचं नाही. मला काय सांगायचं हे. माझं आलं तेव्हाही असंच झालं होतं. तेरा वर्षांची मी, मला वाटलं आज सगळ्यांची आंघोळ लवकर कशी.

"पुढं काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"पुढं काय असतं?"

"नाना, पुढं काय लिहिलं होतं?"

वाचलंच नव्हतं.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांवर ओरडले, शेजारच्या काकू दारात आल्या इतकी. मग पायांत काही न घालता रस्त्यावर गेले. गटाराच्या कडेनं, टांग्यांच्या चाकांखालून, वाणीणबाईच्या पायरीवरून, मिळतील तेवढे तुकडे वेचले. लोक बघत होते. बघू देत.

ता. १३ जून, गुरुवार

बावीस तुकडे. भाताच्या पेजेनं पाटीवर चिकटवले. वाचण्यासारखे चारच:

'आपला मुलगा व'
'ता. ७ रोजी पहाटे'
'यांचे अवसान झाले'
'पाय काढावा लागला'

म्हणजे कार्डात माणसं दोन. एक गेला, एकाचा पाय काढला. मेलेल्याचा पाय कशाला काढतील? नावं जिथं असतील तो भाग नाही. लिहिणाऱ्याचं नावही नाही. सकाळी पुन्हा रस्त्यावर गेले, झाडूवाली येऊन गेली होती.

नानांना पाटी दाखवली. बराच वेळ बघत होते. नंतर उठून माझा चष्मा मागितला, तो लावून बघितलं.

मल्लिनाथच्या आईला अक्कलकोटला पत्र टाकलं. काय लिहावं कळेना. 'दोघांपैकी एकजण' असं लिहिताना हात थांबला. तरी लिहिलं.

ता. १४ जून, शुक्रवार

भटजी आले. सुतक कळल्या दिवसापासून धरायचं. मला तीनच दिवस, कारण माझं गोत्र सासरचं. भाऊ माझा, गोत्र परकं! देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करता येतं, असंही सांगितलं. त्याआधी वहिनीचं जे काही असतं ते.

म्हणजे कुंकू, बांगड्या. आणि केस, भटजी ते बोलले नाहीत पण बघितलं तिच्या वेणीकडे. माझे केस राहिले ते दादामुळे. न्हावी ओटीवर येऊन बसला होता, पंधरा वर्षांचा दादा दाराला पाठ लावून बसला, उठेचना. आज दादा नाही. मी दारात जाऊन उभी राहिले.

"भटजी, नाव वाचल्याशिवाय कुणाच्या बांगड्या फोडायच्या नाहीत इथं."

"मुली, तू यात बोलू नयेस."

मी नानांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "निकाल राखून ठेवा." कचेरीतलीच भाषा. पण कार्ड आल्यापासून मला एवढं गोड काही ऐकू आलं नव्हतं.

वहिनी आतून ऐकत होती. नंतर म्हणाली, "बांगड्या परत भरता येतील हो वन्सं. पण हे आले आणि माझा मोकळा हात बघितला तर काय म्हणतील?" तिला धरून रडले. मग दोघींनी डाळ निवडली.

संध्याकाळी खादरभाई. मी तुकड्यांची गोष्ट सांगितली तसे कपाळाला हात लावून बसले. "बाई, मैं कार्ड का ठप्पा देखा था. कराची का था, क्वेट्टे का नै. और कोना? वो थैली में फटा होगा, आजकल डाक का क्या हाल है!" म्हणजे कोपरा कुणी फाडलाच नव्हता. श्री नव्हता तो घाईत राहिला असेल, नाही तर मल्लूसाठी नसेल. नाही तर दादासाठी.

कराचीच्या तीन इस्पितळांना इंग्रजीत पत्रं लिहिली. शाळेतल्या मोठ्या बाईंनी व्याकरण तपासलं.

ता. १६ जून, रविवार, वटपौर्णिमा

बायका सजून वडाला चालल्या. वहिनीला सुतक. ती खिडकीत उभी राहिली आणि मग विचारलं, "मनातल्या मनात फेऱ्या घातल्या तर चालतंय का?" मी काय सांगू, मी कधी घातल्याच नाहीत. चालतंय म्हटलं.

अकराच्या सुमाराला मल्लिनाथची आई आली, एकटी. नीलव्वा नाव. लिंगायत, कपाळाला भस्म, हातात गाठोडं. उन्हानं लाल झालेली. आम्हाला सुतक आहे, शिवू नका, असं नानांनी सांगितलं तर म्हणाली, "आमच्यात सुतक नसतंय, अण्णा," आणि येऊन पाटीपुढे बसली.

वाचता येत नाही तिला. मी चारही तुकड्यांवर बोट ठेवून वाचलं. तिनंही प्रत्येकावर बोट ठेवलं. "ह्यात माजा मल्लू कंचा?" नाही म्हटलं, नाव नाही. "आमाला कार्ड आलंच न्हाई." मग एकदम, "भाईर झोपतोय व्हय तो? खाट टाकून?" हे तिला त्यानंही लिहिलं असणार. हो म्हटलं. तिचा चेहरा उजळला. लगेच वहिनीकडे बघितलं आणि उजळलेला चेहरा खाली घातला.

मला तिचा रागच आला क्षणभर. मग लक्षात आलं, मी गेले तीन दिवस दुसरं काय करते आहे! दादाचा पाय गेला असू दे, असं रोज म्हणते. म्हणजे मल्लू गेला असू दे असंच ना?

वहिनीनं तिला जेवायला वाढलं. गाठोड्यातून तिनं शेंगाचटणी काढली. जाताना बाळाला घेतलं, नाक बघितलं. "आजावर गेलंय की!" कुणी सांगावं लागलं नाही.

ता. १९ जून, बुधवार

काही नाही. नाना चष्मा करायला टाकून आले.

ता. २४ जून, सोमवार

कराचीहून उत्तर. इंग्रजी, टंकलिखित. नानांना शब्द न् शब्द उलगडून सांगितलं, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

एकाच ढिगाऱ्याखालून काढलेले दोन दक्षिणी इसम ता. ४ ला दाखल. एक ७ तारखेला पहाटे वारला. दुसऱ्याचा डावा पाय काढला, तो जिवंत आहे. चेहऱ्याला पट्ट्या, ताप हटत नाही, विचारलं तर बोलत नाही. वहीत दोघांचीही नावं नाहीत. मराठीत कार्डं लिहून देणारे एक गृहस्थ होते, त्यांनी शुद्धीत असताना दोघांशी बोलून घेतलं होतं. ते गावी परत गेले, पत्ता ठाऊक नाही. नातलगानं येऊन ओळख पटवावी.

म्हणजे नाव कार्डात होतं. आमच्या दारात आलं होतं.

नाना म्हणाले, "मी फाडलं." मोठ्यानं म्हणाले, वहिनीला ऐकू जाईल असं. ती आतून आली. तिनं त्यांना पाणी दिलं, एवढंच.

ओळखीची खूण तारेनं विचारावी म्हणून मी बसले. दादाची खूण कोणती? डाव्या पायाला सहावं बोट. तोच पाय काढलाय. हसावं की काय करावं कळेना, मी हसले, आणि मग थांबता येईना.

ता. २५ जून, मंगळवार

नाना म्हणाले, मी कराचीला जातो. वहिनी म्हणाली, "मी पण येणार."

"तान्हं घेऊन? आगबोटीतनं? पावसाळ्यात?"

"तुमाला पट्ट्यांतनं ओळखू येतील का ते? मला येतील. हात बघून बी येतील."

"आणि तो मल्लू निघाला तर?" नानांनी विचारलं. ते विचारायला नको होतं, पण कुणीतरी विचारायलाच हवं होतं. वहिनी बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तर त्यांना कोण तरी आपलं माणूस भेटायला हवंच की."

नीलव्वाला तसं कळवलं.

ता. २७ जून, गुरुवार

मेल संध्याकाळची. मुंबईपर्यंत गाडी, पुढे बोट. दशम्या, लिंबं, गुटीची बाटली, दादाचा लग्नातला फोटो. सुतक संपलंय. पाटीवरचे तुकडे नानांनी स्वतः सोडवले, पंचांगात घालून पंचांग पिशवीत ठेवलं. अशुभाचा कागद, आणि पंचांगात. मी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

नीलव्वा सकाळच्याच गाडीनं आली होती. मल्लूचा फोटो नाही तिच्याकडे. कधी काढलाच नाही. त्याचा जुना सदरा आणला. "वास वळखंल तो," म्हणाली. कडक भाकरी आणि चटणीचं गाठोडं नानांपुढे धरलं. नानांनी परक्याच्या हातचं कधी खाल्लं नाही. घेतलं. निघताना तिनं त्यांचे पाय धरले. "अण्णा, दोगांतला कोन बी असू दे, हितं घेऊन या. माजा नसला तर बी घेऊन या."

टांगा दारात. मी दही-साखरेची वाटी काकूंसाठी ओटीवर ठेवली आणि आत गेले, सवयीनं. काकू आल्या नव्हत्या. नानांची हाक.

"यमू, तू ये. दही तू घाल."

मी स्वयंपाकघराच्या दारातच. म्हटलं, "नाना, नको." मग तोंडातून निघूनच गेलं. "दादाला मीच घातलं होतं. मार्गशीर्षात."

"ठाऊक आहे मला. काकूंपुढं त्यानं डावा हात केला होता. उजवा दह्यानं ओला होता."

इतके महिने ठाऊक होतं. या पंचवीस दिवसांत रोज माझ्यासमोर जेवत होते आणि ठाऊक होतं. एकदाही बोलले नाहीत.

"मग तरीही मीच घालू?"

"मी कार्ड फाडलं," नाना म्हणाले. "तू दही घातलंस. दोघांतलं वाईट कुठलं ते मला कळतंय. ये इकडं."

वहिनी बाळाला कडेवर घेऊन उंबऱ्यात. "घाला की वन्सं. गाडी चुकंल."

आले. कुणी निघताना पहिल्यांदा आले दारापर्यंत. नानांच्या तळहातावर घातलं. वहिनीच्या घातलं. मग तिनं कुंकवाची कोयरी माझ्याच पुढे केली. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, ती डोळे मिटून उभी. लावलं. थोडं वाकडं लागलं, पुसून नीट करावं म्हटलं, पण पुसायला हात धजेना. तसंच राहू दिलं.

टांगा गेला. रस्त्यावर बघायला बरीच माणसं होती, काकूही होत्या.

नीलव्वाची अक्कलकोटची गाडी नंतरची. गाठोडं उचलून दाराशी थांबली आणि हात पुढे केला.

"मला बी घाल की, तायी."

"तुम्ही कुठं निघालात?"

"घरला. तितं बी जायचंच हाय न्हवं?"

वाटीत थोडं उरलं होतं, ते घातलं.